हिंग लावूनही कोणी विचारलं नाही

हे मी सांगायला नको होतं. दोन बायकांनी, एकीने तीस वर्षांपूर्वी आणि दुसरीने याच वर्षी, मला बजावलं होतं, "कोणाला सांगू नको." आणि माझं कामच मुळी तोंड बंद ठेवण्याचं. झाकण जरा सैल राहिलं की घरभर वास जातो, म्हणून मला घट्ट लावतात. मी हिंगाची डबी आहे. आज मात्र झाकण लागत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून मला मुठीएवढं गोल केलं. सुरेखाच्या आईने मला तिच्या रुखवतात ठेवलं आणि मी सुरेखाबरोबर जबलपूरला, खमरियाच्या क्वार्टरमध्ये आले. सुरेखाचे यजमान विष्णुराव कारखान्यात होते. आता त्यांचा मुलगा राजसही तिथेच जातो. सकाळी डबा, हेल्मेट आणि घाई.

माझ्या पोटात हिंगाचा खडा असतो, पांढऱ्या कापडात बांधलेला. बुडाशी कागदाची गोल चकती. दिवसातून दोनदा झाकण उघडतं, चिमूटभर घेतात, बंद करतात. इतक्या थोड्या वेळात माणसं जे बोलतात ते मी ऐकते. माणसं डबीसमोर लाजत नाहीत.

राजस सहा महिन्यांचा असताना सुरेखाने खड्याशेजारी गोळ्यांची एक पट्टी ठेवली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईने दिली होती, लगेच दुसरं मूल नको म्हणून. मग सुरेखा बदलली. पोळी लाटता लाटता थांबायची, लाटणं हातात तसंच. रडू आलं की चूल धुरकट आहे म्हणायची, आणि घरात तर गॅस होता. तिच्या सासूने मिरच्या-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी सुरेखाने उरलेली पट्टी मोरीत कुस्करली. महिनाभरात ती पुन्हा गुणगुणायला लागली. का रडत होतीस आणि का थांबलीस, हे तिला कोणी हिंग लावूनही विचारलं नाही. तिने मला चिंच लावून लखलखीत घासलं आणि म्हणाली, "आपल्या दोघींतच राहू दे."

मी राहू दिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी चिन्मयी झाली. ती आता अकरावीत आहे. कमी बोलते, बघते जास्त. आणि यंदा फेब्रुवारीत राजसचं लग्न झालं. अंतरा सिहोऱ्याची, योगेंद्र मास्तरांची मुलगी. सुरेखाचे गुडघे दुखतात, म्हणून ओटा अंतराकडे आला आणि ओट्याबरोबर मीही.

अंतराची एक सवय होती. झाकण उघडण्याआधी माझ्यावर दोनदा टिचकी मारायची. टिण् टिण्. जसं कोणाच्या दारावर वाजवावं तसं. इतक्या वर्षांत मला विचारून आत हात घालणारी ती पहिलीच.

तिला शिक्षिकेची परीक्षा द्यायची होती. दोन वर्षं मूल नको, असं तिने आणि राजसने मिळून ठरवलं. गोळ्या राजसनेच आणल्या, घमापुरातल्या औषधांच्या दुकानातून. डॉक्टरला विचारलं नाही, दुकानदाराला विचारलं. आईला कळू नये म्हणून लपवायची जागाही त्यानेच सुचवली. हसत म्हणाला, "हिंगाची डबी बेस्ट आहे. तिच्यात कोण डोकावतं?" पट्टी मावेना, तेव्हा अंतराने कात्रीने तिचे दोन तुकडे केले आणि मला म्हणाली, "कोणाला सांगू नको."

मे महिन्यापर्यंत सगळं बरं होतं. मग टिचक्या बंद झाल्या.

आधी मला वाटलं, घाई असेल. पण घाईही नव्हती. ती तेल तापत ठेवून नुसती उभी राहायची. मोहरी जळायची. पुस्तक ओट्यावर उघडं असायचं आणि तीन-तीन दिवस तेच पान. एकदा राजस पाणी प्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "मला वाटून राहिलं की बस निघून गेली आणि मी स्टॉपवरच उभी आहे. रोज असंच वाटतं. या गोळ्या घ्यायला लागल्यावरच हे सुरू झालं."

राजस म्हणाला, "अरे यार, गोळीने कधी कोणी उदास होतं का? सगळ्या बायका घेतात. दो साल की तो बात है." आणि हेल्मेट घेऊन गेला.

चिन्मयीने मात्र एक दिवस विचारलं. कोथिंबीर निवडता निवडता, खाली मान घालून. "वहिनी, तू आजकाल डबीवर टिचकी काहून नाही मारत?"  दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारून अंतरा एकटी बाईडॉक्टरांकडे गेली.

आल्यावर तिने डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर धरून हळू आवाजात वाचला. तिलाच तो पुन्हा पुन्हा ऐकायचा होता. या गोळ्या बऱ्याच जणींना मानवतात, काहींना मानवत नाहीत. त्यांचं मन उतरतं. तुमच्या बाबतीत तसं झालेलं दिसतं. ही पट्टी संपली की थांबवा, दुसरा उपाय आहे. पुढच्या वेळी यजमानांना सोबत आणा. हे सगळं लिहिलेलं होतं, आणि खाली तारीख. डॉक्टर तोंडी काय म्हणाल्या, ते अंतरा स्वतःशीच दोनदा म्हणाली, "तू वेडी नाहीस."

तिने कागदाची बारीक घडी केली आणि माझ्या बुडाच्या चकतीखाली सरकवली. रविवारी राजसला निवांत दाखवणार होती. तेव्हा पट्टीत चार गोळ्या उरल्या होत्या.

मध्येच नवरात्र बसलं. सासू-सुनेचे नऊ दिवसांचे उपास. उपासाला हिंग चालत नाही, म्हणून सुरेखाने ओटा धुऊन मिसळणाचा डबा आणि मला वरच्या फळीवर चढवलं. उपासात हिंगाची डबी काढलेली खटकेल, हे अंतराच्या लक्षातच आलं नाही. या घरातलं ते तिचं पहिलं नवरात्र.

शनिवारी सकाळी ती स्टुलावर चढली. गोळी घेण्याची वेळ झाली होती. तिने मला उघडलं आणि मागून सुरेखाचा आवाज आला.

"उपास आहे ना तुझा? मग हिंग काहून काढून राहिली?"

अंतरा वळली. पट्टीचा तुकडा फरशीवर पडला. दोनच गोळ्या होत्या त्यात.

सुरेखाने तो उचलला, उलटा-सुलटा केला. तिला ओळखायला वेळ लागला नाही. मला माहीत होतं, का लागला नाही ते.

अंतरा शांतपणे म्हणाली, "आम्ही दोघांनी ठरवलं होतं, आई. यांनीच आणून दिल्या. यांना विचारा."

राजस दारात बूट घालत होता. त्याने वर पाहिलंच नाही. लेस बांधता बांधता म्हणाला, "मला काही माहीत नाही. तिलाच विचार."

आणि लेस सुटलेली नसताना त्याने पुन्हा एकदा बांधली.

अंतरा स्टुलावरून उतरली. कागद तिने काढला नाही. ज्याला दाखवायचा होता तो माणूसच आता तिथे नव्हता, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिचं गप्प बसणंही मग तिच्याविरुद्धच गेलं. सिहोऱ्याला फोन झाला. तुमच्या मुलीच्या डोक्यात आधीपासूनच काहीतरी आहे आणि तुम्ही ते लपवून लग्न केलंत, असं त्यांना सांगण्यात आलं.

योगेंद्र मास्तर दुपारच्या बसने आले. खुर्चीच्या काठावर बसले. पाण्याला हात लावला नाही. राजस म्हणाला, काही दिवस तिला तिकडे आराम करू दे. तो 'तिला' म्हणाला. नाव घेतलं नाही.

निघताना अंतरा ओट्याशी आली. सुरेखा मला खाली घेऊन पुसत होती. अंतराने विचारलं, "आई, तुम्हाला तरी माहीत असेल ना, कसं वाटतं ते?"

सुरेखाची बोटं माझ्या झाकणावर थांबली. मला वाटलं, आता सांगेल. तीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहत होते. नुसतं 'हो' म्हणाली असती तरी पुरे होतं.

"आमच्या वेळी असली नाटकं करायला वेळ नव्हता," सुरेखा म्हणाली.

राजस खोटं बोलला तेव्हा मला राग आला होता. सुरेखा बोलली तेव्हा मात्र माझंच पितळ उघडं पडल्यासारखं झालं. तिचं रडणं मी जपून ठेवलं होतं ते काय यासाठी? आणि मी तरी कोण मोठी? मी दोघींचं ऐकलं आणि एकीचं दुसरीला सांगितलं नाही. विश्वासाने गप्प बसले म्हणते, पण अंतराच्या बाबतीत त्याला दगा म्हणायचं नाही तर काय?

अंतराने जाताना माझ्यावर दोनदा टिचकी मारली. कागद नेला नाही. विसरली की कोणासाठी ठेवून गेली, मला ठाऊक नाही.

सुरेखाने पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि नवा खडा ठेवला. चकती तिने उचलली नाही. आता दिवाळी होऊन गेली. उद्या सिहोऱ्याला बैठक आहे. चार वडीलधारे जमणार आणि ती मुलगी आधीपासूनच तशी होती, असं ठरवून सोडचिठ्ठीचं बोलणं करणार. अंतराकडे तिच्या शब्दाखेरीज काही नाही, आणि तिचा शब्द इथे कोणी मानला नाही.

गोळीवर माझा राग नाही. ती माझ्या पोटात खड्याशेजारी मुकाट पडून होती. जिला सोसलं नाही तिने तोंडाने सांगितलं, आणि

"चिन्मयी, हिंगाची डबी दे गं, फोडणी जळून राहिली!"

सुरेखा बोलावते आहे. चिन्मयीने मला उचललं. झाकणावर बोट ठेवलंय तिने. टिण् टिण्. पोरी, तू विचारणारी आहेस, म्हणून तुलाच सांगते. खडा बाजूला कर, बुडाची चकती नखाने उचल, तिच्याखाली अंतराचा