नीरफणसाची पाने आणि माझा नांगर

दक्षिण समुद्रातल्या माउके बेटावर सकाळचा उजेड घाईने येत नाही. आधी तो किनाऱ्यालगतच्या काळपट प्रवाळखडकांच्या माथ्यांवर येतो आणि तिथेच थोडा रेंगाळतो, जणू पुढे जावे की नाही हे त्याचे ठरलेले नसते. मग नारळांच्या शेंड्यांवरून उतरत तो चर्चच्या पांढऱ्या भिंतीला टेकतो, रस्ता ओलांडतो, कोंबड्यांच्या पाठींवरून अंगणात शिरतो आणि व्हरांड्याच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून गाळून घरात येतो. त्यात विशेष काही नसते. त्याच्याकडे पाहायला कोणी थांबत नाही. अशाच एका साध्या सकाळी त्या दोरीवर एक मोठी गोधडी पसरली होती. पांढऱ्या कापडातून उजेड आरपार येत होता आणि त्यावर शिवलेल्या जांभळ्या पानांच्या कडा एकेक करून उजळत होत्या. त्या उजेडातून माझा जन्म झाला.

मित्रांनो, मी एक जुने छायाचित्र आहे. कागदावरचे नव्हे, संगणकाच्या पोटातले. मला हातात घेता येत नाही, पण एखाद्या पानावर नीट बसवले तर माझ्याकडे पाहून गोधडीतले पान न पान ओळखता येते, याची मला खात्री आहे. माझ्या डाव्या कडेला एका बाईची बोटेही दिसतील. वाऱ्याने गोधडी उडू नये म्हणून तेपोरीने ती धरून ठेवली होती. नीरफणसाच्या पानांची ती नक्षी तिने स्वतःच्या मनाने, कागदावर काहीही न रेखता, कापडाची घडी घालून कात्रीने कापली होती. तशी नक्षी तिने पुन्हा कधी कापली नाही. मला टिपणारा ताइरी हा तिचा मुलगा. तो अबोल होता. गोधडी फार सुंदर झाली आहे, हे त्याला आईला सांगायचे होते. ते सांगता आले नाही, म्हणून त्याने गोधडीचा फोटो काढला. तोच मी.

पुढे काही वर्षांनी बेटावरच्या बायकांच्या शिवणमंडळाने पुस्तक करायचे ठरवले. आमच्याकडे गोधड्या लग्नात दिल्या जातात, मुलाचे केस पहिल्यांदा कापताना त्याच्या खुर्चीवर पसरल्या जातात आणि शेवटी माणसाबरोबर मातीत जातात. गोधडी गेली की नक्षीही जाते. ती राहावी, पोरींनी पुस्तकातून पाहून पुन्हा कापावी, एवढीच मंडळाची इच्छा होती. ताइरी बेटाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करत असे. म्हणून मंडळाच्या प्रमुख अकाइतीमावशींनी हे काम त्याच्यावर टाकले.

"तुला बोलायला जमत नाही ना? मग लिही," त्या म्हणाल्या.

ताइरीने मन लावून काम केले. त्याची चूक एवढीच होती की तो चित्रे डोळ्यांनी बसवत असे. माउसने मला उचलून पानावर जिथे शोभेल तिथे तो ठेवी, आणि मी मजकुराच्या वर अधांतरी तरंगत राही. पडद्यावर मी सुरेख दिसत असे. पण मित्रांनो, तरंगणाऱ्या प्रत्येक चित्राला एक अदृश्य नांगर असतो. तो कुठल्या तरी परिच्छेदात रुतलेला असतो. माझा नांगर पडला होता शेजारच्या जास्वंदीच्या गोधडीच्या परिच्छेदात, आणि हे ना ताइरीला ठाऊक होते ना मला. माझी माहिती देणारी माझ्याखालची ओळ तर वेगळ्याच चौकटीत होती. माझे तिच्याशी काहीच नाते नव्हते.

मग मंडळातल्या बायका येऊ लागल्या. एकीला आपल्या आजीचे नाव घालायचे होते, दुसरीला एक आठवण. आधीच्या पानांवर चार वाक्ये वाढली की नंतरची पाने सरकत, जास्वंदीचा परिच्छेद पुढच्या पानावर उडी मारी आणि त्याच्याबरोबर मीही ओढला जाई. ताइरी मला पुन्हा जागेवर आणून ठेवी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भलतीकडे असे. एकदा घाईत त्याने मला कोपऱ्याऐवजी कडेला धरून ओढले. पाने रुंद झाली आणि तेपोरीची बोटे फुगली. मला फार लाज वाटली.

शेवटी नमुना प्रत छापली गेली आणि ती मंडळातल्या मोएरोआच्या हाती पडली. मोएरोआच्या नातवाचे केस कापण्याचा सोहळा जवळ आला होता. खुर्चीवर तेपोरीचीच नक्षी हवी, असा तिचा हट्ट होता. ऑकलंडहून मुलीने खास जांभळे कापड पाठवले होते. प्रतीत मी जास्वंदीच्या कृतीशेजारी छापलो गेलो होतो. त्या कृतीत लिहिले होते, कापडाची आठपदरी घडी घाला. माझ्या पानांना चौपदरी घडी लागते. मोएरोआने लिहिल्याप्रमाणे घडी घातली, कात्री चालवली आणि कापड उलगडले. पानांचे देठ एकमेकांत घुसले होते. मधोमध एक मोठे भोक पडले होते.

ते कापड खांद्यावर टाकून ती तडक कचेरीत आली.

"हे बघ तुझं नीरफणस! जाळं झालंय जाळं. आता यात मासे पकडू का?"

"मावशी, पडद्यावर बरोबर होतं."

"मी पडदा कापला नाही रे, कापड कापलं."

मागून अकाइतीमावशी आल्या. त्यांनी प्रत चाळली आणि माझ्याखालच्या ओळीवर बोट ठेवले. प्रत्येक चित्राखाली ती गोधडी सध्या कोणाकडे आहे, ते लिहायचे ठरले होते. माझ्याखाली ताइरीने लिहिले होते, 'सध्या: आईकडे'.

"आणि हे काय? उद्या कोणी बघायला आलं तर कुठे पाठवायचं?"

मावशींनी प्रत हळूच मिटली.

"शनिवारच्या विमानाने हे छापखान्यात जायचंय. त्याच्या आत नीट कर. नाही जमलं तर तेपोरीचं पान काढून टाकू. चुकीची नक्षी छापण्यापेक्षा न छापलेली बरी."

ते ऐकून मी हादरलो. मी गेलो असतो तर ती पानेही गेली असती.

ताइरी उठून मंडळाच्या सभागृहात गेला. तिथे कचेरीतून परतलेल्या मोएरोआने, जिभेला विश्रांती न देता, दुसरे कापड काढले होते. या वेळी नक्षी साध्या फुलाची होती. कापलेले फूल पांढऱ्या कापडावर पसरून ती मधल्यापासून कडेकडे कच्चा धावदोरा घालत होती. आधी टाचायचे, मग शिवायचे. टाचल्याशिवाय कापड हलवायचे नाही. ताइरीने लहानपणी याच बायकांच्या घोळक्यात बसून सुया ओवल्या होत्या.

"काय बघतोस?" मोएरोआ गुरकावली. "दोरा ओव. तेवढं तरी येतं ना अजून?"

त्याने दोरा ओवून दिला आणि तो कचेरीकडे धावत सुटला.

आता त्याने एकही चित्र तरंगत ठेवले नाही. प्रत्येकाला त्याच्याच मजकुराखाली, ओळीतल्या एखाद्या अक्षरासारखे टाचून बसवले आणि खालची ओळ त्याला बांधून टाकली. ओढून बिघडलेली चित्रे काढून मूळ फोल्डरमधून नवी आणली. मीही माझ्या खऱ्या रुंदीत परतलो. मग मुद्दाम त्याने पहिल्या पानावर निरर्थक मजकुराचा ढीग ओतला. सगळी पाने सरकली. पण मित्रांनो, मी माझ्या परिच्छेदाचा हात सोडला नाही. तो जिथे गेला तिथे मी गेलो, आणि मजकूर पुसल्यावर त्याच्याबरोबरच परत आलो. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो जन्माच्या वेळीही वाटला नव्हता.

आम्हा चित्रांचे मागणे फार नाही. मूळ प्रती एका जागी जपून ठेवा. ओढायचेच तर कोपऱ्याला धरून ओढा. आणि सर्वांत मोठे म्हणजे, आम्हाला पानावर शोभेसाठी सोडून देऊ नका. ज्या शब्दांसाठी आम्ही आहोत त्यांच्याशी बांधा. मग लेख कितीही लांबू दे, आम्ही वाट चुकणार नाही.

शनिवारी सकाळी सगळे तयार होते. उरली होती फक्त माझ्याखालची ओळ. ताइरीने संगणक घरी आणून व्हरांड्यात ठेवला होता. कोंबड्यांच्या पाठींवरून उजेड अंगणात आला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अंगणातच बांधलेल्या कबरीवर स्थिरावला. ताइरी बराच वेळ माझ्या डाव्या कडेकडे, त्या बोटांकडे पाहत राहिला. मग त्याने 'सध्या: आईकडे' हे शब्द पुसले आणि सावकाश लिहिले:

'तेपोरी यांनी कापलेली व शिवलेली. त्या वारल्या तेव्हा ही गोधडी त्यांच्याबरोबर पुरली.'