रिपोर्ट नॉर्मल

सुकेशनीला चार माणसांत तोंड उघडता येत नसे. घसा आवळायचा, तळहात घामानं चिंब व्हायचे. चुडाव्यात कुणी याला आजार म्हणत नव्हतं. पोरगी गुणाची, वर मान करून बोलत नाही, असं कौतुक व्हायचं. बी.एस्सी.ला पहिली आलेली ही पोरगी नोकरीच्या दोन मुलाखतींतून एक अक्षर न बोलता उठून आली, तरी कौतुक चालूच. गावाचं काय जातंय?

नांदेडला एक डॉक्टरीणबाई अशाच माणसांच्या मेंदूवर संशोधन करत होत्या. सुकेशनीनं चिठ्ठी लिहून नाव दिलं. मशीनमध्ये निजवून तिला रागीट, हसरे चेहरे दाखवले; भीती वाटताना मेंदू कसा वागतो, ते त्यांना पाहायचं होतं. पुढं बारा आठवडे उपचार. दर आठवड्याला थोडी भीती मुद्दाम अंगावर घ्यायची. पाचव्या आठवड्यात तिनं स्टेशनच्या खिडकीवर स्वतःच्या तोंडानं तिकीट मागितलं आणि गाडीत बसून आनंदानं रडली.

सातव्या आठवड्यात मेंदूच्या फोटोचा कागद घरी आला. वडिलांनी, सितारामनी, शेवटचा शब्द वाचला : नॉर्मल. म्हणजे गाठ नाही, सूज नाही, एवढंच. अशा फोटोवरून एकट्या माणसाची भीती ओळखता येत नाही, शंभर जणांचे एकत्र पाहिले तर काही उमगतं, हे बाईंनी बजावलं होतं. पण ते सुकेशनीला, आणि बापापुढं तर तिचा शब्द अर्ध्यातच मोडायचा.

सितारामनी गल्लीभर सांगितलं. नांदेडच्या खेपा बंद केल्या. 'डोक्याचा इलाज चालू हाय' म्हणून माघारी गेलेलं पाथरीचं स्थळ परत आलं. मुलाचे मामा चंद्रभान आणि चार पाहुणे बैठकीत बसलेले असताना बाईंचा फोन आला : दोन आठवडे का आली नाही? सितारामनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"जय भीम, म्याडम. पोरगी नॉर्मल हाय, तुमचाच कागद म्हणायलाय. आता कशाला यायचं?"

"त्या कागदाचा अर्थ तसा नाही. आणि यायचं की थांबायचं, ते सुकेशनीनं सांगावं."

सितारामनी फोन दाराशी उभ्या सुकेशनीपुढं धरला. मला यायचंय. दोनच शब्द, तयार होते. पाहुणे बघत होते. बाई थांबल्या, पुष्कळ थांबल्या. ती शांतता कसली आहे, हे जगात त्या एकट्या बाईंना कळत होतं, आणि त्या नांदेडात होत्या.

सितारामनी फोन बंद केला. त्यांचे डोळे भरून आले होते. पोरीवर जीव होता त्यांचा.

"बघा, म्हणली का यायचंय म्हणून? तिचीबी मर्जी न्हाई."

चंद्रभानमामांना हे पटलं. शहाणा माणूस, जबरदस्ती त्यांना खपत नसे. त्यांनी सुकेशनीला समोर बसवून, आमचा मुलगा पसंत नसेल तर नाही म्हण, असं रीतसर विचारलं. ती गप्प राहिली, आणि लग्न ठरलं.