शिवराम साळवे यांच्या कबरीवरची मेणबत्ती

दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या, संध्याकाळी रेजिना साळवे यांनी नवऱ्याच्या कबरीवर पेटवलेली मेणबत्ती तीन नोव्हेंबरच्या सकाळी तिथेच, उभी आणि न जळालेली सापडली. वात पांढरीशुभ्र होती. शेजारच्या कबरींवर मेणाचे ओघळ सुकलेले होते. हे २००३ साली घडले, २००४ साली घडले आणि २००५ सालीही घडले.

शिवराम साळवे अंबरनाथला मोरिवलीच्या एका कारखान्यात फोरमन होते. घराणे नगरकडचे, तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट. रेजिनाबाई वसईच्या, कॅथलिक. तीस वर्षे दोघे रविवारी सकाळी एकाच दारातून बाहेर पडत आणि कोपऱ्यावर वेगळे होत. दुपारी जेवायला मात्र एकत्र असत. वाद झालाच तर तो एकाच मुद्द्यावर होई. रेजिनाबाई म्हणत, श्रद्धा हवीच, पण हातून काही सत्कर्म घडायला नको का? शिवराम म्हणत, "फळं झाडाला लागतात, रेजिना. फळांना झाड लागत नाही." मग ते वरण वाढून घेत.

२००२ च्या डिसेंबरात ते हृदयविकाराने गेले. दफनभूमी दोन्ही पंथांची एकच होती. कबरीवरचा दगड त्यांचे थोरले बंधू योहान यांनी बसवला आणि त्यावर, तारण केवळ विश्वासाने होते अशा अर्थाचे वचन कोरून घेतले.

मुलगी माया औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत असे. ती दोन्हीपैकी एकाही चर्चला जात नसे. तिच्या मते दोन्ही पक्षांची अडचण एकच होती: प्रयोगाचा निकाल सांगायला कोणी परत येत नाही. पहिल्या वर्षी मेणबत्ती तशीच सापडली तेव्हा तिने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी तिने वात पाहिली आणि वाऱ्याचे नाव काढणे सोडले. विझलेली वात काळी असते.

तिसऱ्या वर्षी तिने मेणबत्ती आधी प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली. बेचाळीस ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम. तळाशी सुईने एक बारीक फुली ओरखडली आणि आईला काही न सांगता ती पिशवीत ठेवून दिली. संध्याकाळी रेजिनाबाईंनी ती पेटवली, जपमाळ ओढत पूर्ण रोझरी म्हटली, आणि दोघी निघाल्या तेव्हा ज्योत बोटभर उंच होती.

सकाळी सापडलेल्या मेणबत्तीच्या तळाशी फुली नव्हती. साच्यातून आलेला चांदणीच्या आकाराचा एक खळगा होता. भरली अडतीस ग्रॅम.

"आई, ही तुझी मेणबत्तीच नाही," मायाने घरी येऊन सांगितले.

रेजिनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "देवाला वजनकाटा लागत नाही, माया."

"कुणीतरी बदलली आहे."

"बदलणाऱ्यालाही कुणीतरी पाठवलंच असेल." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मी यंदा फादरकडे त्यांचं नाव दिलेलं नाही."

नोव्हेंबर महिन्यात त्यांच्या चर्चमध्ये मृतांच्या यादीतील नावे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, घेतली जात. यादी रविवारी बंद होणार होती. शिवरामांचे नाव मागची दोन वर्षे त्या यादीत होते. ते प्रॉटेस्टंट होते याला फादरांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"का नाही दिलंस?"

"प्रार्थनेचा उपयोग स्वर्गाआधी शुद्धिस्थानात थांबलेल्यांना होतो. प्रार्थना जिथे लागत नाही अशा जागा दोनच. एका ठिकाणी तिची गरज नसते, दुसऱ्या ठिकाणी ती पोहोचत नाही." त्या सावकाश बोलत होत्या, जणू बरेच दिवस हे पाठ केले होते. "तीनदा परत आली. तुझ्या बाबांनी मरताना पापनिवेदन केलं नाही. सत्कर्म म्हटलं की हसायचे. आता ते दोनांपैकी कुठे असतील, तूच सांग."

तर्कात चूक नव्हती, गृहीतकात होती, आणि ते गृहीतक ताटात तांदळाबरोबर निवडून काढण्याजोगे नव्हते. मायाने एवढेच पाहिले की आईने दुपारी पोळी अर्धीच खाल्ली आणि ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाठ करून बसली.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती दफनभूमीवर गेली. फाटकाशी गोजरबाई फुले विकत बसत. त्यांचा नवरा तिथला राखणदार.

"तीन तारखेला सकाळी आमच्या कबरीवर कोणी येतं का हो?"

"येतात ना, ते लुनावाले आजोबा. सहाच्या ठोक्याला." गोजरबाईंनी झेंडूवर पाणी शिंपडले. "बाकीची लोकं येऊन रडतात, हे येऊन खरवडतात. पत्र्याची पट्टी घेऊन येतात, खराखरा सगळं मेण काढतात, फडकं मारतात. मला वाटलं सफाईचं कंत्राट आहे."

"तीन वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं का?"

लुना चालवणारे एकच आजोबा मायाच्या ओळखीचे होते. ती रिक्षाने बदलापूरला पोहोचली तेव्हा सहा वाजत आले होते आणि योहानकाका दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"ये. वेळेवर आलीस. आता वीज जाणार."

वीज गेली. त्या वर्षी भारनियमन घड्याळ लावून होत असे. काकांनी फळीवरचे पाकीट काढले, एक मेणबत्ती पेटवून बशीत उभी केली. मायाने पाकिटातली दुसरी उचलली आणि उलटी धरली. तळाशी चांदणी होती.

"तुमच्या लॅबमध्ये आता मेणबत्त्या तपासतात वाटतं," काका म्हणाले.

"फक्त परत आलेला माल."

काकांनी तिच्या हातातली मेणबत्ती परत पाकिटात ठेवली. "कोणी सांगितलं?"

"फाटकावरच्या बाईंनी. त्यांना तुम्ही कंत्राटदार वाटता."

"वाटू दे." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मेण त्या वचनावर ओघळतं. अक्षरं बुजतात. रविवारी आमच्या मंडळीतले लोक येतात. विश्वासाने तारण असं दगडावर लिहायचं आणि वर मेलेल्या माणसासाठी मेणबत्त्या जाळायच्या, हे बरं दिसतं का? ख्रिस्ताने काम पुरं केलं. त्यावर आपण ठिगळ लावायचं नसतं."

"मग खरवडून थांबायचं. नवी कशाला ठेवता?"

काकांना हा प्रश्न खरोखरच विचित्र वाटला. "म्हणजे? वस्तू तिची. मी काढून टाकली. दुसऱ्याची वस्तू नाहीशी केली तर भरून द्यायला नको? आमच्या आईने वाटी परत करतानासुद्धा कधी रिकामी पाठवली नाही."

"जळून गेलेली वस्तू?"

"माझ्या हाताने टाकली ना."

"आणि पेटवून का नाही ठेवली?"

"पेटवणं म्हणजे त्याच्यासाठी मागणं. ते मी करणार नाही, माया. ठेवणं म्हणजे नुसतं ठेवणं."

"हे सत्कर्म झालं, काका."

"सत्कर्म कसलं? शिष्टाचार आहे." मग ते किंचित हसले. "शिवराम असता तर म्हणाला असता, फळ आहे."

मायाने मग आईचा तर्क त्यांना जसाच्या तसा सांगितला: दोन जागा, तीनदा परत आलेली मेणबत्ती, यादीत न दिलेले नाव, अर्धी पोळी. भावजयीची वस्तू भरून द्यायची म्हणून काका दर वर्षी जी मेणबत्ती ठेवत होते, तिनेच तिला शिवराम प्रार्थनेपलीकडे गेल्याचे सांगितले होते.

"ती असं समजली?" त्यांनी विचारले. आणि उत्तराची वाट न पाहता चपला शोधू लागले.

"काका, वीज येऊ द्या."

"लुनाला दिवा आहे."

रेजिनाबाईंनी दार उघडले तेव्हा थोरले दीर उंबरठ्यावर, हातात मेणबत्त्यांचे पाकीट घेऊन उभे होते. त्यांनी आत न येताच सगळे सांगितले, खरवडायच्या पट्टीसकट.

"भाऊजी," रेजिनाबाई म्हणाल्या, "तुम्हाला मेण नको होतं, तर मला सांगायचं. मी बशी ठेवली असती."

"सुचलं नाही."

"आत या. वरण गरम करते."

रविवारी यादी बंद होण्याआधी त्यांनी नाव दिले. योहानकाकांना ते मान्य नव्हते आणि त्यांनी तसे जेवताना सांगितलेही. पुढच्या वर्षी कबरीवर बशी होती.

मेणबत्ती तिन्ही वर्षे रात्री पूर्ण जळाली होती. सकाळी सहा वाजता योहान साळवे तिचे मेण खरवडत आणि भावजयीची वस्तू आपण टाकली म्हणून भारनियमनाच्या पाकिटातली एक नवी तिच्या जागी ठेवत. ती न पेटवलेली असे, कारण ती पेटवणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते.