जावयाचा ट्रक

ब्रॅडी स्कॅग्ज गॅरेजच्या अंगणात वळला तेव्हा त्याच्या ट्रकचं पुढचं चाक खर्रकन घासलं आणि व्हर्जिल कँट्रेलने हातातला घास तसाच कागदावर ठेवला. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात मोठे टायर घालून ट्रक उंच करून घेणारे पुष्कळ होते. पण सहा इंच उंच केलेल्या त्या लाल ट्रकमधून उतरणारं तोंड त्याच्या जावयाचं होतं.

तीन वर्षांपूर्वी व्हर्जिलच्या एकुलत्या एका मुलीने, रेलीनने, या माणसापायी नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं. तेव्हापासून व्हर्जिलने त्यांच्या घराची पायरी चढली नव्हती.

"सासरेबुवा, धडधाकट आहात म्हणायचं!"

"तुला बघेपर्यंत होतो. काय हवंय?"

"चाक घासतंय. डावीकडे पूर्ण वळवलं की. टायर बसवून देणाऱ्याने हात वर केले. म्हणाला, तुमच्याकडे जा."

"सदतीस इंची टायर! शिंगराला हत्तीचे पाय लावलेस, आता ते चालत नाही म्हणून रडतोस?"

"रडत नाहीये. जमत नसेल तर तसं सांगा, निघतो."

व्हर्जिलने त्याच्या हातातून किल्ली घेऊन ट्रक रॅम्पवर चढवला आणि टॉर्च घेऊन खाली शिरला. टायर घासून घासून चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा वरचा आर्म ताटासारखा चकाकत होता. तेवढं ठीक होतं. पण शेजारून जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळीलाही टायर लागला होता. वरचं रबर सोलवटून आतले धागे दिसत होते. एखाद्या उतारावर ती फुटली असती, तर ब्रेकवर पाय दाबूनही काही उपयोग नव्हता.

मागच्या सीटवर त्याच्या दीड वर्षांच्या नातीची खुर्ची बांधलेली त्याने मघाशीच पाहिली होती. संतापाने त्याने टॉर्च खाली आपटला.

बाहेर येऊन त्याने किल्ली खिशात टाकली. "हा ट्रक इथून हलणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे याला इलाज नाही. टायर काढ, जुने घाल. नाहीतर पायी जा."

"जुने विकले. किल्ली द्या."

"पोलिसांना बोलाव. मीच दाखवतो त्यांना, पोरीला कशात फिरवतोस ते."

"माझ्या पोरीचं नाव घ्यायचं नाही! जन्मल्यापासून तिला एकदा तरी बघायला आलात?" ब्रॅडी छातीला छाती भिडवून उभा राहिला. व्हर्जिलच्या हातात पाना होता. तो त्याने खाली ठेवला नाही. शेवटी ब्रॅडीच मागे सरला आणि त्याने बायकोला फोन लावला.

अर्ध्या तासात रेलीन शेजारणीची गाडी घेऊन आली. अंगावर हॉस्पिटलच्या मदतनिसाचा गणवेश, कडेवर लेक जोसी. तिने पोरीला नवऱ्याकडे दिलं आणि थेट रॅम्पखाली गेली. ती याच रॅम्पखाली लहानाची मोठी झाली होती.

"ब्रॅडी, ही नळी बघितलीस?"

"आवाज येत होता, म्हणून तर आणला ना..."

"दोन आठवडे येत होता! आणि हिला बसवून तू रोज डोंगर उतरतोस. मूर्ख!"

ब्रॅडीने मान खाली घातली. व्हर्जिलला बरं वाटलं, पण क्षणभरच.

"आणि तुम्ही, बाबा. इलाज नाही म्हणालात?"

"नाहीच."

"नळी बदलायची. चाकामागे स्पेसरची जाड चकती घालून टायर बाहेरच्या बाजूला सरकवायचा. मग मडगार्डचं जेवढं प्लास्टिक टायरला लागेल तेवढं कापायचं आणि स्टिअरिंगचा स्टॉपर थोडा वाढवायचा, म्हणजे चाक फार वळणार नाही. शाळेत असताना दर शनिवारी स्पेसर तुमच्या हातात मीच द्यायचे. हा ट्रक दुसऱ्या कुणाचा असता तर?"

व्हर्जिल फडक्याला हात पुसू लागला.

"बोला ना!"

"संध्याकाळपर्यंत झाला असता," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो गाडीबद्दल खोटं बोलला होता आणि पोटच्या पोरीने ते पकडलं होतं. त्याने किल्ली ब्रॅडीला न देता फळीवर ठेवली आणि कामाला लागला. नळी बदलली, स्पेसर बसवले, प्लास्टिक कापलं, स्टॉपर वाढवला. एक चाक ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवलं. आर्म आणि टायरमध्ये आता दोन बोटं सहज जात होती.

"होत होतं ना?" ब्रॅडी म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही केलं."

"माहितीये. म्हणून आभार पण मानत नाही."

रेलीनने ट्रकमधल्या खुर्चीत जोसीचा पट्टा बांधला आणि ती शेजारणीच्या गाडीत बसली. व्हर्जिल तिच्या काचेपाशी गेला. "आत कॉफी आहे."

"माझी ड्यूटी आहे."

"मग रविवारी या."

"आधी त्याची माफी मागा."

"मेलो तरी नाही."

"मग राहू दे."

"ट्रक पन्नास मैल चालला की चाकांचे नट परत आवळावे लागतात. घेऊन ये."

"गावात आवळून घेऊ," ती म्हणाली आणि तिने काच वर केली.

आठवड्याने व्हर्जिलने ब्रॅडीचे टायर बसवणाऱ्या गावातल्या टायरवाल्याला फोन केला. दोघांचं कधी पटलं नव्हतं.

"स्कॅग्जचा लाल ट्रक आला होता?"

"काल. का? माझ्या कामात खोट काढायला फोन केलास?"

"नट अंदाजाने आवळलेस की पान्यावर जोर मोजून?"

"मोजून. तुझी पोरगी डोक्यावर उभी होती."

"किती?"

टायरवाल्याने आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. व्हर्जिलने फोन ठेवला.