आत कापड नव्हतं

गोऱ्या बायकांना कुल्ले नसतात, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर आमच्या घानातल्या कुमासीच्या नर्सिंग शाळेचा निळा झगा असा बेतलाच नसता. इंग्लंडच्या राणीच्या राज्यात मिशनच्या इस्पितळात ज्या मडमा आल्या, त्यांच्या अंगाची मापं आमच्या पोरींच्या गळ्यात अजून आहेत. बारा नंबर कमरेला बसतो आणि खाली अडतो; सोळा घ्यावा तर खांद्यावरून गळतो. माझी भाची आफ्रिये या दोन्हींच्या मधली.

आज तिचा शपथविधी होता. मेट्रन ओफोरी दारात उभ्या राहून एकेकीला तपासतात. झगा घट्ट किंवा ढगळ दिसला की मुलगी घरी, मग शपथ पुढच्या वर्षी आणि नोकरीही. वर झग्याला कात्री लावायची नाही, हाही त्यांचाच नियम. बाई स्वतः भर उन्हात लोकरी स्वेटर घालतात. थंडी वाजते की मिजास, देव जाणे.

सकाळी आफ्रियेने झगा चढवला तर तो मांड्यांपाशीच थांबला. रडू नकोस, उतरव, असं म्हणून मी बाजूच्या दोन्ही शिवणी उसवून मोकळी झाले. आमच्याकडे बाईचा काबा, म्हणजे पोलकं, शिवताना आत दोन बोटं कापड राखतातच. लग्न होतं, पोरं होतात, पोलकं आवळायला लागतं. मग शिवण सोडायची. जन्मभर मी हेच करत आले. आत बोट घातलं तर कापडच नव्हतं. नखाएवढी कड, बस्स. बाईमाणूस भरतं हे कारखान्याला ठाऊकच नव्हतं.

तसलं निळं कापड बाजारात मिळत नाही. आफ्रिये परकरावर उभी राहून माझ्याकडे नुसती बघत होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात खुर्चीवर झग्याचा पट्टा दिसला. त्याच कापडाचा, दुहेरी. मी तो उभा उसवला आणि मशीनवर बसले.

शाळेच्या दारात मी नातेवाइकांत उभी होते. आफ्रियेची पाळी आली.

"पट्टा कुठाय?" मेट्रननी विचारलं.

"घातलाय, मॅडम." आफ्रिये म्हणाली. "दोन्ही बाजूंना."

मेट्रनचं बोट तिच्या बगलेपासून खाली सरकलं आणि पट्टीवर थांबलं. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. आफ्रियेने माझ्याकडे पाहिलं. माफी मागावी की भांडावं? मी भांडायचं ठरवून पुढे झाले.

"जा, रांगेत उभी राहा," त्या तिला म्हणाल्या.

मग माझ्यापाशी येऊन त्यांनी इतरांकडे पाठ केली आणि स्वेटरची कड जराशी उचलली. आत त्यांच्याही झग्याची शिवण बगलेपासून कमरेपर्यंत उसवलेली होती, सेफ्टी पिनांनी धरलेली.

"मलाही वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, "आत कापड असेल."