बाबांची बेल

बाबांची वाचा गेली तेव्हा पहिले काही दिवस घराला बरं वाटलं. तसं कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण दादा शीळ घालत दाढी करायला लागला, वहिनीने स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा केला, आणि मी भेटायला गेले की चपला रांगेत काढल्या का हे बघायला कुणी दारात येईना. झटका मोठा होता. उजवी बाजू पूर्ण गेली, डावीही जवळजवळ गेली, जीभ गेली. डाव्या हाताचा मनगटापुढचा भाग तेवढा हलायचा, त्यातही दोनच बोटं कामाची. डोकं मात्र शाबूत. ते गेलं असतं तर सगळ्यांचीच सुटका झाली असती, त्यांचीही.

बाबा कारखान्यात तपासणी खात्याचे मुख्य होते. पंपांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे आणि टेबलावर दोन शिक्के असायचे. हिरव्या शाईचा ‘पास’, लाल शाईचा ‘नापास’. नापास माल ज्याने केला त्याच्याकडे त्याच दिवशी परत जायचा. दुरुस्त करून देतो, पुन्हा एकदा बघा, असली गयावया त्यांच्यापुढे चालत नसे. “नापास माल माझ्या छपराखाली थांबत नाही,” हे वाक्य आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की ते मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते काटा अडकतो म्हणून त्यांनी तिथल्या तिथे परत केलं आणि त्याऐवजी आपले दोन शिक्के मागून घेतले.

ते शिक्के मग घरात चालू झाले. खरं तर त्याआधीपासूनच घर तपासणीवर होतं. मी शाळेत असताना बॅटरीवरचा एक दिवा केला होता, पुठ्ठ्याच्या घरात बसवलेला. बाबांनी तो हातात घेतला, खांद्याइतका उंच धरला आणि सोडून दिला. “वस्तू हातातून पडते. पडल्यावर चालली पाहिजे.” दिवा चालला नाही. आई तेव्हा होती; ती तुकडे गोळा करत होती आणि ते मला पुठ्ठ्याचं घर का टिकत नाही ते समजावून सांगत होते. तेव्हापासून मी वस्तू करतेच आहे. नोकरी हिशेबाची, पण घरी आले की टेबलावर तारा, छोटे बोर्ड, सोल्डरचा वास. माझे केस पिकायला लागलेत, तरी आजवर बाबांकडून एक हिरवा शिक्का मला मिळाला नव्हता.

वहिनीला तर लाल शिक्का अंगावरच बसला. नवीन लग्न, घरात पाहुणे, आणि तिने वाढलेली आमटी बाबांना पातळ लागली. त्यांनी मजेत तिचा हात पुढे ओढला आणि मनगटाच्या मागे ‘नापास’ उठवला. पाहुणे पोट धरधरून हसले, दादाही हसला. ती शाई चांगल्या प्रतीची होती. वहिनी कितीतरी दिवस भांडी घासताना तो हात चोळत बसायची, पण त्यावर तिने कधी ब्र काढला नाही.

तर, बेल. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि खाली बाबांच्या घशात कफ अडकला. ती उतरली तेव्हा चेहरा निळा पडला होता. कसंबसं निभावलं. डॉक्टर म्हणाले, “यांना हाक मारता येत नाही, मग दुसरं काहीतरी करा. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळणार नाही.” दादाने माझ्याकडे पाहिलं. “तुझी ती खेळणी असतात ना, त्यातलं काही?”

मी सगळा जीव ओतला. एवढासा बोर्ड, काडेपेटीत मावेल असा. तो साबणाच्या डबीत बसवला. खालची सोल्डरची टोकं डबीला टेकू नयेत म्हणून पेनाची नळी कापून तिचे चार पाय दिले. डाव्या हाताच्या दोन बोटांखाली येईल असा मऊ स्पंज लावलेला दाबखटका केला आणि तो कापडी पट्टीने तळहाताशी बांधला. तिथून तार डबीत, डबीतून भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात, आणि तिथे बेल. थोडं दाबलं की बेल एकदाच वाजायची, म्हणजे सवडीने या. दाबून धरलं की वाजतच राहायची, म्हणजे सगळं सोडून या. आणि ती बंद करायचं बटण मी मुद्दाम बाबांच्या उशाशी डबीवर ठेवलं होतं. जो येईल त्याला खोलीत यावंच लागेल, स्वयंपाकघरातून गप्प करता येणार नाही. ही माझी युक्ती मला भारी आवडली होती.

घोडं अडलं ते विजेपाशी. खाटेजवळच्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये हवेच्या गादीचा पंप होता, आणि वीज गेली तर बेलच जायची. म्हणून पॉवर बँक लावली. लावली, बेल वाजली, आणि आम्ही पाठ वळवतो तोवर सगळं गार. पुन्हा चालू केली, पुन्हा गार. मी तारा बदलल्या, बोर्ड बदलला, स्वतःला शिव्या घातल्या. मग डोक्यात उजेड पडला. पॉवर बँक फोनसाठी केलेली असते आणि फोन घटाघटा वीज पितो. माझा बोर्ड पडला चिमणीच्या खाण्याचा. बँकेला वाटायचं की पंगत उठली, ती आवराआवर करून झोपी जायची. मी तारांच्या मधे एक जाडसा रेझिस्टर लावला. त्याला काम काही नाही, नुसती वीज खायची आणि कोमट व्हायचं. तेवढ्यावर बँक जागी राहिली.

“म्हणजे एक जण काही न करता नुसता खात पडलाय, म्हणून घर चालू,” दादा म्हणाला. “बाबांसारखंच की!” आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तो खो खो हसला. बाबांनी डोळे छताला लावले.

वहिनी मात्र हसली नाही. ती वाकून डबीत बघत होती. “आणि हा काढला तर?”

“तर बँक झोपणार. तिचं बटण दाबलं की जराशी जागी होईल, वाजवून बघेपर्यंत. मग परत गप्प.” कुणीतरी माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला म्हणून मी हुरळून सगळं सांगितलं.

“हुशार आहेस,” वहिनी म्हणाली.

मी बाबांच्या हाताशी ट्रेमध्ये दोन्ही शिक्के ठेवले. बघू, म्हटलं. बाबांनी बेल थोडी दाबून पाहिली, दाबून धरून पाहिली, पण बोट एकाही शिक्क्याकडे नेलं नाही. ते मला ठाऊक होतं. नवा माल त्यांच्याकडे लगेच पास होत नसे, आधी वापरात टाकून बघायचे. मी थांबायला तयार होते. आयुष्यभर थांबलेच होते.

बाबांनी बेल वापरली ती अशी. वहिनीने कणकेत हात घातला की दाबून धरायचे. ती धावत आली की छताकडे बघायचे. काही नको. ती बंद करून जाई, ताटावर बसे, पहिला घास तोंडाजवळ गेला की बेल. आंघोळीला शिरली की बेल. पडदा ओढायला बेल, सोडायला बेल. मी गेले की वहिनी मला हे सगळं एका सुरात सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “मी आले की त्यांच्या तोंडाची ती एक बाजू हसते गं.” मी म्हणायचे, “आजारी माणूस आहे, कंटाळतो.” ती माझ्याकडे बघायची आणि पोळ्या लाटायला वळायची.

त्या दिवशी मला लवकर सुट्टी मिळाली आणि मी न कळवता दुपारीच गेले. दार वहिनीने उघडलं. रेडिओ चालू, ती नुकतीच नाहून केस विंचरत होती, कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होती. मी बाबांच्या खोलीत गेले. वास दारातच आला. चादर कमरेपासून खाली भिजलेली आणि ती आताची नव्हती, कडेने वाळत आलेली होती. बाबांची दोन बोटं स्पंजवर घट्ट दाबलेली, नखं पांढरी पडलेली. किती वेळ धरून ठेवली होती कोण जाणे. स्वयंपाकघरात गाणं चाललं होतं.

आम्ही दोघींनी त्यांना स्वच्छ केलं. मग मी पॉवर बँकेचं बटण दाबलं. दिवा लागला, खटका दाबताच बेल ठणठणली. थोड्याच वेळात दिवा गेला. मी झाकण उघडलं. रेझिस्टरचा एक पाय कापलेला होता, अगदी सुबक, नेलकटरने कापावा तसा. आणि कापलेलं टोक केसभर अंतर सोडून जागच्या जागी नीट ठेवलं होतं, वरवर बघणाऱ्याला कळू नये म्हणून.

स्वयंपाकघरात जाऊन मी रेडिओ बंद केला. “वहिनी, हे तू केलंस?”

“हो.” तिने पदराला हात पुसले. “तुझा दादा दाराशी चपला काढतो तेवढ्यात बटण दाबून ठेवते. त्याने एकदा वाजवून पाहिली की झालं.”

“घशात कफ अडकला असता तर?”

“तर अडकला असता.” ती अगदी शांतपणे बोलत होती. “सांग तुझ्या दादाला. आत्ता येईल तो. सांग, आणि मी उद्या माहेरी जाते. मग तू ने बाबांना तुझ्या घरी. टेबल रिकामं करावं लागेल हां तुला, त्या तारांचं.”

मला प्रचंड राग आला. पण लगेच माझ्या एका खोलीत ती खाट, ती गादी, तो वास आणि ते छताला लावलेले डोळे, हे सगळं मला झर्रकन दिसलं. पर्समध्ये तसलाच दुसरा रेझिस्टर होता. काही बोलायचं नाही, मुकाट लावायचा आणि झाकण पक्कं चिकटवून टाकायचं, असं ठरवून मी परत खोलीत आले.

तोवर दादा येऊन उघड्या डबीकडे बघत होता. “काय झालं? बेल वाजत नाही का? मला वाटलंच होतं.” त्याने बाबांच्या हातातला खटका दाबला, कान लावला, मान हलवली. “तुझ्या वस्तूंचं हे असंच.”

“दादा, जरा थांब, पाच मिनिटांत—”

तेवढ्यात बाबांचं बोट हललं. स्पंज सोडून ते सावकाश ट्रेकडे सरकलं आणि लाल शिक्क्यावर टेकलं. दादाने हसत तो उचलून त्यांच्या बोटांत दिला, आणि वर डबीचं झाकण लावून तीही पुढे धरली. बाबांना ते जमेना, मनगट कापत होतं, पण दादाने आधार दिला. झाकणावर शिक्का उठला. थोडा तिरका, पण स्वच्छ वाचता येणारा. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाची ती एक बाजू हसली. वहिनी सांगायची ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर तिचं काय व्हायचं ते होवो, निदान बाबांना कळलं असतं की माल माझा चांगला होता. मी तोंड उघडलं.

“नापास माल तुमच्या छपराखाली थांबत नाही ना, बाबा?”

मी त्यांच्या तळहाताची पट्टी सोडली. स्पंजचा खटका काढला. भिंतीच्या कडेची तार सोडवत स्वयंपाकघरापर्यंत गेले, बेल उतरवली, तार गुंडाळत परत आले. “अगं, असू दे की, दुरुस्त कर,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. “त्यांच्याकडे दुरुस्ती चालत नाही,” मी म्हटलं. पॉवर बँक, डबी, बेल, सगळं पर्समध्ये घातलं. पर्स फुगली, चेन लागता लागेना.

बाबा आता हसत नव्हते. त्यांचे डोळे माझ्यावरून पर्सवर, पर्सवरून वहिनीवर आणि वहिनीवरून परत माझ्यावर आले. हे डोळे मी कधी पाहिले नव्हते. पाहिले होते म्हणा, कारखान्याच्या फाटकाबाहेर, नापास माल हातगाडीवर घालून परत नेणाऱ्या माणसांचे.

“चहा टाकते,” वहिनी म्हणाली. “घेऊन जा.”

मी नको म्हटलं. दारातून एकदा वळून पाहिलं तेव्हा बाबांचा डावा हात चादरीवर होता. दोन बोटं चादरीत रुतली होती आणि ती उचलली जात नव्हती. दाबून धरलं की सगळं सोडून या, हे मीच शिकवलं होतं त्यांना. मी चपला घातल्या आणि निघाले.