जयाबाईंचे शेरे

आर्णीच्या वाचनालयात नॉर्वेतल्या खुनांची मालिका आली ती जयाबाईंच्या हट्टामुळे. जयाबाई पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं पंचनामे लिहून झाल्यावर खुनाच्या कादंबऱ्या त्यांना पोरखेळ वाटत. पण या मालिकेचा पहिला भाग मराठीत आला, त्यांनी तो वाचला आणि त्या गारच झाल्या. त्यातली इन्स्पेक्टर सोल्वेग गुडघाभर बर्फातून चाळीस दारं ठोठावत हिंडली होती. एकेकाचा जबाब, एकेका बुटाचा ठसा. खुनी सापडला तो दूधवाल्याच्या जबाबातल्या अर्ध्या तासाच्या फरकावरून.

"या बाईले खातं समजते," जयाबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या.

वर्षभराने दुसरा भाग आला. वाचनालयाच्या नंबर लावायच्या यादीत पहिलं नाव जमनीचं होतं. बसस्टँडजवळ तिचं लेडीज टेलरचं दुकान. काजं-बटणं करता करता ती मशीनशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचायची. जयाबाईंनी ग्रंथपाल उत्तमसिंगकडे नुसते डोळे वटारून पाहिलं आणि पुस्तक स्वतः घरी नेलं.

तिसऱ्या प्रकरणातच त्यांचं डोकं फिरलं. सोल्वेगनं रक्ताळलेला चाकू उचलला आणि चक्क कोटाच्या खिशात टाकला. जयाबाईंनी पेन्सिल घेतली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'पंच कुठे? सील कुठे?' पुढे बाई एकटीच पिस्तूल घेऊन जंगलात पळाली. 'ठाण्याला कळवलं का?' मग ती संशयिताच्याच घरी मुक्कामाला राहिली. 'निलंबित करा.' मग मेलेला बाप स्वप्नात आला आणि खुन्याचा पत्ता सांगून गेला. तिथे जयाबाईंनी इतक्या जोरात रेघ ओढली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

आणि खुनी? पान तीनशे बारावर उगवलेला जुळा भाऊ. तोवर त्याचं नाव नाही, गाव नाही. जयाबाईंनी मागे चाळीसाव्या पानावर जाऊन लिहून ठेवलं, 'उगाच डोकं लावू नका. खुनी जुळा भाऊ. तो ३१२ वर येतो.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उत्तमसिंगच्या टेबलावर आपटलं. "हे रद्दीत घाल."

"काहून मॅडम? तुम्हीच तर मागं लागल्या होत्या."

"मी पहिल्याच्या मागं लागली होती. हे त्या लेखकानं लिहिलंच नसन. त्याच्या साळ्यानं लिहिलं असन."

महिन्याभराने भर दुपारी जमनी त्यांच्या दारात उभी राहिली. हातात तेच पुस्तक.

"जयाताई, चाळीस पानावर कोणी तरी खुनी सांगून टाकला. माह्या पुस्तकाचं पार वाटोळं केलं."

"त्यात वाटोळं व्हायसारखं होतं काय?" जयाबाई तुच्छतेनं हसल्या. "तुले आवडलं का हे?"

"आवडून राह्यलं होतं. मले आवडाचं का नाही, ते मी ठरवीन ना." जमनीनं पुस्तक उघडून समोर धरलं. "लग्नसराईच्या शिलाईत मले यायले जमलं नाही, तोवर माह्याआधी तिघांनी नेलं. रजिस्टर पाह्यलं मी. रामलाल मास्तर चष्मा फुटल्यानं वीस पानांवरच थांबले. निकिता पेन्सिल वापरतच नाही, तिच्या घरी जाऊन विचारलं. मग रजिस्टरमधली सही पाह्यली. तुमच्या 'जया'तला ज अन् या जुळ्या भावातला ज, दोन्हीची शेपूट सारखीच वळते. अन् ताई, कादंबरीत पंच मागणारं या गावात दुसरं आहे कोण?"

तीस वर्षांत जयाबाईंच्या हाताखाली आलेल्या एकाही शिपायानं इतकी सरळ चौकशी केली नव्हती. नाकारायला जागाच नव्हती. कान तापले, पण मनात कुठेतरी बरंही वाटलं.

"गुन्हा कबूल," त्या म्हणाल्या. "तुह्यं नाव आधी होतं, तेही मी डावललं. चूक झाली."

"मले माफी नको. चला."

जमनी त्यांना तशीच वाचनालयात घेऊन गेली. उत्तमसिंगनं खोडरबर काढून दिलं. जयाबाई टेबलाशी बसल्या आणि पानामागून पान पुसू लागल्या. कुठे काय लिहिलं ते सापडायला ओळी पुन्हा वाचाव्या लागत होत्या. समोर जमनी हाताची घडी घालून बसलेली, त्यामुळे तोंडातून चकार शब्द काढायची सोय नव्हती. चाकू पुन्हा खिशात गेला, बाप पुन्हा स्वप्नात आला. जयाबाई दात आवळून रबर घासत राहिल्या.

दुसऱ्या वाचनात पुस्तक पहिल्यापेक्षाही भिकार निघालं.